पौषातला पुकारा

पौषात परळला थंडी पडते असं म्हटलं तर बाहेरगावचं कुणीही हसेल. पण थोडी पडते. पहाटे फरशीला पाय लागला की कळते आणि उन्हं वर आली की निघूनही जाते. तेवढ्या वेळात खोबरेल तेलाच्या बाटलीत तळाशी पांढरा थर धरतो. तो दिसला की आई बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवते आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणते, "देवीची जत्रा इली."

देवी म्हणजे प्रभादेवी. पौष पौर्णिमेला तिची जत्रा भरते आणि पुढे काही दिवस चालते. आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, बाबा गेले, शेजार बदलला, खिडकी कितीतरी मजले वर गेली. पण दर पौषात तेल थिजतं आणि आई ते वाक्य म्हणते. त्याला कुणी उत्तर देत नाही. मी दोन-तीन दिवसांनी टॅक्सीची चौकशी करते आणि एका दुपारी तिला घेऊन जाते, इतकंच.

यंदा उत्तर आलं. आई ते म्हणाली तेव्हा माझा फोन टेबलावर स्पीकरवर होता आणि पलीकडे विद्या होती, माझी धाकटी बहीण. ती ठाण्याला असते. दिवाळीनंतर आई न्हाणीघरात घसरली, तेव्हापासून ती रोज फोन करते. आईचं वाक्य तिने ऐकलं. मग म्हणाली, "ताई, यंदा मी पण येते. शुक्रवारी रजा टाकते."

मी फोनकडे बघत राहिले. विद्या पाच वर्षांची असताना एकदा जत्रेला गेली होती. त्यानंतर कधीच नाही. शाळेत असताना तिचा अभ्यास असायचा, कॉलेजात असताना प्रॅक्टिकल, मग बँक, मग सासर. आम्ही कुणी तिला कधी आग्रह केला नाही. घरात तिच्यासमोर 'जत्रा' हा शब्दसुद्धा आम्ही जरा हळूच टेकवायचो, गरम भांडं टेकवावं तसा.

विद्या तशी खमकी. कुठल्याही लग्नात जिच्याकडे कपाटाच्या किल्ल्या दिल्या जातात, अशी. तिची मुलगी लहान असताना मी तिला रस्ता ओलांडताना बघायची. ती मुलीचा हात धरत नसे, मनगट धरायची. पोरगी कुरकुरायची, "दुखतंय ना." एकदा मीही म्हटलं, अगं, हात धर की तिचा. तर म्हणाली, "हात सुटतो."

आमच्या घरात सगळ्यांत मोठी सुषमा. ती गेली तेव्हा आठ वर्षांची होती, मी सहाची, आणि विद्या भिंत धरून चालायला लागली होती. श्रावण संपत आला होता. बाबा गिरणीत साचेखात्यात, मागावर होते आणि आई घरी खानावळ चालवायची. आमच्या कुडाळकडची, गिरणीत लागलेली माणसं दोन्ही वेळा जेवायला असत. पहाटेपासून स्टोव्ह भरभरत असायचा. सुषमाला ताप आला, तो तिने सांगितलाच नाही. कोपऱ्यात चटईवर भिंतीकडे तोंड करून निजून राहिली. आई भाकऱ्या थापता थापता विचारायची, "काय गो, बरां नाय?" ती म्हणायची, "काय नाय." तिचं सगळंच तसं. जिन्यावर पडली तर गुडघा धरून बसायची, रडायची नाही. भूक लागली तरी ताट पुढे येईपर्यंत मागायची नाही. आई सगळ्यांना सांगायची, माझी ही पोर गुणाची, तिचा आवाजसुद्धा येत नाही. तिचे डोळे वेगळेच दिसायला लागले तेव्हा आईच्या लक्षात आलं. बाबांनी तिला चादरीत गुंडाळून टॅक्सीने नेलं. दुसऱ्या दिवशी ते एकटेच परत आले आणि दारात उभे राहिले. चपलाच काढेनात.

मला सुषमा फार आठवत नाही. आठवतो तो तिचा आवाज, म्हणजे तिच्या बोटाचा. चाळीच्या गॅलरीला लाकडी गजांचा कठडा होता. जाता-येता ती त्या गजांवरून बोट फिरवत चालायची. टकटकटक असा आवाज आमच्या दारापर्यंत यायचा आणि थांबायचा, की समजावं सुषमा आली. ती गेल्यावर कुठल्याही पोराने तो आवाज केला तरी आईचा हात जिथल्या तिथे थांबायचा. तव्यावरची भाकरी करपायची. खानावळीतली माणसं करपलेली भाकरी मुकाट्याने खायची. एकाने कधी तक्रार केली नाही.

तिचे फ्रॉक आईने कुणाला दिले नाहीत. घड्या घालून ट्रंकेत ठेवले, आणि मी तेवढी झाल्यावर मला घातले. मी तिच्या वयाची झाले, मग तिच्याहून मोठी झाले. मोठ्या बहिणीहून मोठं होणं ही फार चमत्कारिक गोष्ट आहे. वाढदिवसाला मला भीती वाटली होती, आपण रांगेत कुणाच्या तरी पुढे घुसलो तशी. मग ते फ्रॉक विद्याला आले. त्यांवर सुषमाच्या खुणा होत्या. एकावर हळदीचा डाग होता, एकाची शिवण आईने खाली सोडली होती, एकाच्या खिशाला सुषमाने स्वतःच वेडेवाकडे टाके घातले होते. विद्याने सुषमाला पाहिलं होतं, पण तिला ते आठवणं शक्य नव्हतं. एकदा फ्रॉक घालून घेताना तिने विचारलं, "आई, सुषमाला मी आठवत असेन का गं?" आईने नुसती तिची बटणं लावली. हाक मारताना मात्र आईची जीभ नेहमी त्याच वाटेने जायची. सुषमा, नंदा, विद्या. आमच्यापैकी कुणालाही बोलवायचं असलं तरी पहिलं नाव तेच निघायचं, आणि त्या नावाला कुणी ओ दिली नाही की मग आमची पाळी.

चार वर्षं आम्ही कुठे गेलो नाही. गणपतीत लालबागला नाही, दिवाळीत नातेवाइकांकडे नाही. मग एका पौषात शेजारची पोरं जत्रेतून भिरभिरी घेऊन आली आणि विद्याने हट्ट धरला. विद्याचा हट्ट म्हणजे अख्ख्या चाळीला कळायचा. ती गॅलरीत आडवी पडली आणि तिने असा गळा काढला की वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत खाली आले. बाबा म्हणाले, "चला. रविवारी जाऊ. देवीच्या पाया पडून येऊ, झाला."

रविवारी दुपारी आम्ही चालत निघालो. रेल्वेच्या पुलावर वारा होता. आईने आंबा रंगाची साडी नेसली होती, ती चार वर्षांत पहिल्यांदा बाहेर निघाली होती आणि तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. विद्याच्या अंगात सुषमाचा आकाशी फ्रॉक होता, कॉलरला पांढरी लेस असलेला. पूल उतरल्यावर, जत्रा दिसायच्या बरीच आधीपासून तिचा वास यायला लागला. खाजाच्या गुळाचा आणि आल्याचा, रॉकेलचा, ताज्या शेवंतीचा, धुळीचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवून ताडपत्र्या बांधल्या होत्या. पत्र्याच्या बोटी पाण्याच्या परातीत फटफट करत फिरत होत्या. लाकडी पाळणा होता, त्याला मोटर नव्हती. दोन माणसं त्याच्या आऱ्यांना लोंबकळून तो फिरवायची, आणि ती माणसं खाली आली की वरची माणसं ओरडायची. वर कर्णा लावलेला, त्यातून सारखा पुकारा चालू होता. अमक्याने देवळाशेजारच्या मंडपात यावं, तमक्याची पिशवी सापडली आहे.

आईने देवीची ओटी भरली. बाहेर आल्यावर ती थोडी हसली, असं मला वाटतं. बाबांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही पाळण्याच्या रांगेत उभे राहिलो. आई विद्याचा हात धरून खेळण्यांच्या गाळ्यापाशी थांबली. मी रांगेतून मागे वळून बघत होते, कारण मला पाळण्याची भीती वाटत होती आणि आईने परत बोलवावं असं वाटत होतं. तेव्हा मला दिसलं की आई खेळण्यांकडे बघत नाहीये.

गाळ्यांच्या कडेकडेने एक मुलगी चालली होती. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या, पाठमोरी. चालताना ती एका बांबूवरून दुसऱ्या बांबूवर बोट फिरवत होती.

आईचा हात उघडला. मी तो उघडताना पाहिला. झटका नव्हता त्यात. हातातलं भांडं फळीवर ठेवून द्यावं, तसा तो सावकाश मोकळा झाला, आणि आई चालायला लागली.

"बाबा, आई निघाली."

"खंय निघाली?" बाबांनी मान उंचावून पाहिलं. गर्दीत आंबा रंगाचा पदर तेवढा दिसत होता. त्यांना काय दिसलं ठाऊक नाही, पण माझा हात ओढून ते जवळजवळ पळतच सुटले. विद्या आईबरोबर आहे, असं त्यांनी धरलं. मीही तसंच धरलं. हात उघडताना मी पाहिला होता, तरीही.

आम्ही पोचलो तेव्हा आईने त्या मुलीला धरलं होतं आणि ती अगदी शांतपणे तिला सांगत होती, "चल घराक. किती शोधूचा तुका?" मुलीचं तोंड खाजाने भरलेलं होतं. ती घाबरली नव्हती, नुसती बघत होती. समोरून ती सुषमासारखी मुळीच नव्हती. डोळे घारे, नाक रुंद, रंग उन्हाने रापलेला. वरळीच्या कोळीवाड्यातली मुलगी असणार, कारण तिच्यामागून केसांत अबोलीचा वळेसर माळलेली, काष्ट्याचं लुगडं नेसलेली एक कोळीण आली आणि म्हणाली, "सोड गो बाय. माझी पोर हाय ती."

आईने सोडलं नाही. माणसं जमायला लागली. कुणीतरी म्हणालं, पोर पळवतेय. कुणीतरी म्हणालं, पोलिसांना बोलवा. बाबा हात जोडून त्या बाईला काही सांगू बघत होते आणि त्यांना शब्द सापडत नव्हते. आई मुलीच्या तोंडाकडे बघत होती. ही आपली नव्हे, हे तिला तेव्हा दिसलं असणार. तरी हात तसाच.

आणि कर्ण्यातून आवाज आला. "लक्ष द्या. एक लहान मुलगी मंडपात आलेली आहे. अंगात आकाशी रंगाचा फ्रॉक. मुलगी आपलं नाव सुषमा असं सांगते. सुषमाच्या आईने ताबडतोब मंडपात यावं. सुषमा वाट बघत आहे."

पुकारणारा माणूस मघाचाच होता, दुपारपासून तोच आवाज ऐकत होतो. त्याने ते पिशवी सापडल्याच्या सुरातच सांगितलं, आणि मग पुन्हा एकदा सांगितलं. सुषमा वाट बघत आहे.

आई धावली. ती धावू शकते हे मला ठाऊक नव्हतं. पदर सुटला, एक चप्पल मागे राहिली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी माझ्या डाव्या बाजूला पाहिलं, मग उजव्या बाजूला, आणि म्हणाले, "विद्या खंय?"

मंडपात एक टेबल होतं आणि टेबलावर विद्या बसली होती. हातात कुणीतरी दिलेलं बिस्कीट, नाक वाहतंय, डोळे सुजलेले. आई दारातून आत गेली आणि थबकली. मी तिच्या मागे होते, त्यामुळे मला तिची पाठ दिसली. चेहरा दिसला तो एकट्या विद्याला. मग आई पुढे गेली, विद्याला टेबलावरून उचललं आणि तिथेच मातीत मांडी घालून बसली. स्वयंसेवक खुर्ची देत होते. आई कुणाचं ऐकेना. विद्या तिच्या मांडीत डोळे मिटून हमसून हमसून रडत होती आणि आई पुढे-मागे झुलत होती. आईही रडत होती, पण तिचा आवाज येत नव्हता.

ती कोळीण आपल्या मुलीला घेऊन आमच्या मागोमाग आली होती. तिने बाबांना विचारलं, "सुषमा कोन?"

"थोरली," बाबा म्हणाले. "गेली."

बाई आईसमोर उकिडवी बसली आणि मुलीला पुढे ओढून म्हणाली, "ही माझी मंदा. हिला बघायची तर पुढल्या सालीबी येऊन बघ. पण हात नको धरू. चावंल."

पुढल्या साली खरंच त्या दोघी भेटल्या. मी आईबरोबर होते. मंदा उंच झाली होती, तिचे कडेचे दोन दात नवे आले होते. आईने तिला खाजा दिला. त्याच्या पुढल्या सालीही भेट झाली. मग एका वर्षी मंदा परकर नेसून आली आणि समोर उभी राहिली, तरी आईने तिला ओळखलं नाही. ती तिच्या डोक्यावरून मागच्या गर्दीत बघत होती. मंदा मोठी झाली आणि आईच्या कामाची राहिली नाही. जत्रेत दरवर्षी नव्या आठ वर्षांच्या मुली येतात.

हे सगळं मी इतकी वर्षं पुन्हा पुन्हा मनात फिरवलं आहे. तो पुकारा मला सोडत नाही. गणपतीत लालबागला दिवसभर कर्णे चालू असतात, हरवलेल्यांची नावं एकामागून एक सांगत. मी भाजीची पिशवी घेऊन त्या गर्दीतून वाट काढत असते, आणि 'एक लहान मुलगी' एवढं कानावर पडलं की पाय जागीच थांबतात. नाव सांगून होईपर्यंत मला पुढे जाता येत नाही. श्रेया असते, आराध्या असते, कुणी आयेशा असते. आता कुणी पोरीचं नाव सुषमा ठेवत नाही. तरी मी थांबते.

विद्याने ते नाव का सांगितलं, हे मला फार उशिरा कळलं. तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ती हातांची मेंदी वाळत ठेवून बसली होती आणि मी तिला भरवत होते. मध्येच म्हणाली, "ताई, मंडपातल्या माणसाने मला नाव विचारलं ना, तेव्हा मी विचार केला. विद्या सांगितलं तर बाबा येतील. सुषमा सांगितलं तर आई येईल." मी घास हातात धरून बसले. "आणि आली," ती म्हणाली. "धावत आली. पण मला बघितलं आणि तिचं तोंड असं पडलं, ताई. तिला दुसरीच कुणी हवी होती." मी म्हटलं, अगं, पण ती तुला घेऊन खाली मातीत बसली, कितीतरी वेळ उठेना. विद्या म्हणाली, "दमली असेल." आणि तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत राहिली.

तर यंदा शुक्रवारी विद्या आली. आईने तिला दारात बघून "सुषमा, नंदा" करत शेवटी "विद्या" म्हटलं आणि पावडर लावायला आत गेली. रेल्वेचा तो पूल बंद झाल्यापासून टॅक्सीला फार मोठा वळसा पडतो. आई सगळा वेळ खिडकीबाहेर बघत, पूर्वी कुठल्या गिरणीचा भोंगा कुठून ऐकू यायचा ते सांगत होती. आता तिथे काचेच्या इमारती आहेत आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं चहा पीत उभी असतात.

जत्रा आता आक्रसली आहे. विजेचे पाळणे आहेत, लाल-निळे दिवे लुकलुकणारी शिंगं डोक्याला लावून पोरं फिरतात, खाजाच्या बाजूला मोमो मिळतात. आईच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताचं मनगट विद्याच्या मुठीत. दर्शन झालं. बाहेर आल्यावर आईची नजर नेहमीसारखी खाली उतरली, गर्दीच्या कमरेच्या उंचीवर, जिथे मुलींची डोकी असतात. विद्याने ते पाहिलं. तिने माझ्याकडेही पाहिलं.

उसाच्या रसवाल्याने आईला बघून खुर्ची पुढे केली. आम्ही दोघी बाजूला बाकावर बसलो. तेवढ्यात कर्ण्यातून पुकारा झाला. एक मुलगा हरवला होता, पिवळा टी-शर्ट. आम्ही तिघींनी तो शेवटपर्यंत ऐकला, आणि तो संपल्यावर विद्या म्हणाली, "आई, तुला आठवतं मी हरवले होते ते?"

"आठवता."

"माझा हात सोडलास तेव्हा तुला कळलं होतं का, की सोडतेय?"

रसाचं यंत्र बंद पडलं होतं, आणि ते कुणीतरी चालू करावं असं मला फार वाटलं. आईने काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली.

"कळला होता," ती म्हणाली. "पण तू रडशील ह्या माका ठाऊक होता. तू पाळण्यात असल्यापासून रडणारी. रडणाऱ्या पोराक कोण ना कोण उचलता, नाव विचारता. ती कधी रडली नाय गो. ती तशीच पुढे पुढे गेली असती."

विद्या मान खाली घालून रसाच्या पेल्यातला बर्फ हलवत होती. "आणि मंडपात मला बघून तुझा चेहरा पडला. मी बघितला."

आईने नाकारलं नाही. मला वाटलं होतं, आता म्हणेल, काहीतरीच काय.

"पडलो असात," ती म्हणाली. "नाव तिचा पुकारल्यानी. धावताना माका वाटला, देवीन परत दिल्यान. मंडपाच्या दारापर्यंत मी तिचीच आई होतंय. मगे तू दिसलंस."

"मग?"

"मगे ती मेली." आईने पदराने तोंड पुसलं. "चार वर्षां मेली नव्हती ती. तुका मांडयेर घेतलंय तेव्हा मेली. म्हणान उठाक होईना माका. तू डोळे मिटून रडत होतंस, तुका काय दिसला नाय."

बाजूने एक बाप मुलीला खांद्यावर घेऊन गेला. आईची नजर तिच्यामागे गेली आणि परत आली.

"मग अजून कुणाला शोधतेस तू?" विद्याचा आवाज आता मोठ्या बाईचा राहिला नव्हता.

"शोधणंय नाय," आई म्हणाली. "बघतंय. तिचा तोंड आता नीट आठवत नाय, विद्ये. फोटो हा, पण तो स्टुडिओतलो, त्याच्यात ती घाबरलेली. तेवढ्या पोरी बघितल्यो की जरा जरा आठवता. आणि घरी गेल्यावर परत जाता."

मला वाटत होतं की विद्या रडेल. रडली नाही. तिने पेला खाली ठेवला आणि विचारलं, "कशी होती गं ती?" आमच्या घरात हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. मी आईबरोबर दर पौषात त्या गर्दीत उभी राहिले, पण माझ्या मनात नेहमी तो उघडलेला हात आणि तो पुकारा. सुषमाबद्दल विचारायचं मला कधी सुचलंच नाही. आई बोलायला लागली. फार काही नव्हतं तिच्याकडे. सुषमाला कढीतलं कढीपत्त्याचं पान आवडायचं नाही, पण ती ते काढून न टाकता गिळायची. तिला काळोखाची भीती नव्हती, मांजराची होती. झोपेत हसायची. बाबा रात्रपाळीहून आले की त्यांच्या केसांतला कापूस बोटांनी वेचून काढायची आणि काडेपेटीत साठवायची, बाहुलीची गादी करायला. मध्येच आई अडखळायची, हे सुषमाचं की नंदाचं असं माझ्याकडे बघून विचारायची, आणि मला तरी कुठे ठाऊक होतं. एक-दोन गोष्टी बहुधा माझ्याच असाव्यात. मी त्या सुषमाला देऊन टाकल्या.

उन्हं कलली तेव्हा आम्ही उठलो. निघताना आई म्हणाली, खाजा घ्यायचा. गाळ्यावर बसलेली बाई चाळिशीची, आईचं बोलणं ऐकून तिने मान वर केली. "खंयची गो मावशे तू?"

"कुडाळची."

"मी मालवणची. हीं तुझीं चेडवां?"

"होय."

"दोनच?"

असं कुणी विचारलं की आई गप्प होते, आणि तिच्या वतीने मी हो म्हणते. इतक्या वर्षांची सवय. मी तोंड उघडलं होतं.

"तीन," विद्या म्हणाली. ती पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरून उभी होती. "आम्ही दोघी, आणि थोरली सुषमा. ती लहानपणीच गेली."

त्या बाईचा तराजू जरासा थांबला. तिने आईकडे पाहिलं. आई एकदा विद्याकडे बघून गाळ्यावर वाकली, काठीच्या टोकाने खाजाच्या ढिगाची एक बाजू दाखवली आणि म्हणाली, "थयसून नको, थयलो कडक दिसता. जरा मऊ बघून दी गो. माका दात नाय रवले."